त्या जागेत काय नव्हते?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीत ‘ओसाड जागेचे नंदनवन’ या मथळ्याखाली आमच्या वसाहतीच्या बागेचे कौतुक वाचले. छायाचित्र झकास आले आहे. अध्यक्षांच्या हातातली कात्रीसुद्धा नवी कोरी दिसते. फक्त आधी तिथे काहीच नव्हते, ही माहिती आपल्याला कोणी पुरवली तेवढे कळवावे.

आपले बातमीदार आले तेव्हा लॉन अंथरून झाले होते. मी रोज सकाळी त्याच बाजूने फिरायला जातो, म्हणून सांगतो. कडेला हिवर, जुन्या विहिरीवर झुकलेल्या बाभळी, बोरीची जाळी, मधे कुसळीचे गवत. मृगाचा पहिला पाऊस झाला की त्या गवतातून लाल मखमली किडे निघायचे आणि पोरे ते काडेपेटीत भरून शाळेत न्यायची. मागोमाग चातक यायचा. हा पाहुणा आफ्रिकेतून येतो, पण अंडी घालतो सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात. सातभाईंना घरट्यासाठी काटेरी आडोसा लागतो, आणि तोच वसाहतीच्या समितीच्या डोळ्यांत खुपत होता. संक्रांतीला, आमच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास बोरी पिकायच्या. आता बोरन्हाणाची बोरे मंडईतून किलोवर येतात. बोरांचे एक वेळ जाऊ द्या. बाभळी गेल्या श्रावणात तोडल्या, ते काही मला सोडून देता येत नाही.

श्रावण म्हणजे सुगरण पक्ष्यांचा घरटी विणण्याचा भर हंगाम. विणकाम नराचे असते. उसाच्या नाही तर गवताच्या पात्याची चिंचोळी पट्टी चोचीने सोलून आणायची, फांदीला गाठ मारायची, टोपीएवढे विणून झाले की थांबायचे आणि पंख फडफडवून मादीला बोलवायचे. तिने पसंत केले तर पुढची नळी विणायची, नाहीतर ते तसेच लटकत ठेवून दुसरे सुरू. मी पोचलो तेव्हा निम्म्या बाभळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडल्या होत्या. एक घरटे उचलून पाहिले. आतल्या बाजूला चिखलाचे वाळलेले गोळे लिंपलेले, नखाने खरवडले तरी निघेनात. तळाशी पिल्ले होती. पिसांच्या नुसत्या नळ्या फुटलेल्या, अंग अजून गरम. कुऱ्हाडवाला म्हणाला, “काका, काटंरी झाड हाय, लेकरांच्या पायात काटा मोडतंय. आमाला सांगिटलं तेवढं तोडलं.” त्या बिचाऱ्याला काय बोलणार?

शहरात झाड तोडायला परवानगी लागते, त्यासाठी १९७५ पासून राज्यात कायदा आहे. परवानगीचा कागद मी सभेत मागितला. “बाभळीला कसली आलीय परवानगी!” एवढेच उत्तर मिळाले आणि चहा आला. त्या बाभळींवरची दोन घरटी सध्या समितीच्या एका सन्माननीय सदस्यांच्या दिवाणखान्यात दिव्यांना लावलेली आहेत, आत पिवळा बल्ब. आपल्या छायाचित्रकाराचे तिकडे लक्ष गेले नाही, याचे वाईट वाटते. पुरवणीत ती शोभून दिसली असती.

आता तिथे काय आहे म्हणाल, तर लॉन आणि भोवती कोनोकार्पसची रांग. याच झाडाच्या लागवडीवर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली. आमच्याकडे मात्र ते ‘बारा महिने हिरवे’ म्हणून आणले गेले. लॉनला टँकरचे पाणी. सोलापुरात नळ किती दिवसांआड येतो ते आपल्याला मी सांगायला नको. देखभाल वर्गणी मात्र वेळच्या वेळी वाढली.

त्याच पानावर ‘सोलापुरात ऋतू दोनच, उन्हाळा आणि कडक उन्हाळा’ अशी चौकटही आहे. हा विनोद आम्ही पाहुण्यांसमोर करतोच. आपण छापला नसता तरी चालले असते. आत्ता फाल्गुनात नुसते खिडकीतून बाहेर पाहा. कडुनिंब पिवळा पडून गळतो आहे. समिती तो पाला कचरा म्हणून रोज सकाळी पेटवते आणि पाडव्याला त्याचाच डहाळा गुढीसाठी मागत फिरेल. शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याचा नर हिवाळाभर मळकट कपड्यांत वावरला, आता पुन्हा जांभळा झळकू लागला आहे. हुरड्याच्या दिवसांत ज्या पाखरांवर गोफणी फिरल्या त्या भोरड्या परतीच्या तयारीत आहेत. हे सगळे दोनच ऋतूंत कसे बसवायचे?

सोलापूरजवळचा नान्नजचा माळही येणाऱ्या-जाणाऱ्याला रिकामाच दिसतो. माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले ते या भागात. त्या पक्ष्याला दाट झाडी नको, उघडे गवत हवे; मादी जमिनीवरच अंडे घालते, बहुधा एकच. आता माळढोक दिसला तर आपण पहिल्या पानावर बातमी घेता, आणि आतल्या पानावर माळ ‘हिरवा’ करणाऱ्यांचा सत्कार.

जाता जाता आणखी एक. नक्षत्राचे वाहन छापणे आपण बंद का केलेत? मृग बेडकावर आला की म्हशीवर, हे आमच्या घरी सगळ्यात आधी वाचले जायचे. आता त्या जागी फर्निचरची जाहिरात असते. वाहनावरून पाऊस पडत नाही हे आम्हालाही कळते, पण फर्निचरवरून तरी कुठे पडतो?

असो. हिवर अजून उभा आहे. भर पावसाळ्यात त्याला फिकट पिवळा फुलोरा येतो, आणि समितीने तो पावसाच्या आधीच काढायचे ठरवले आहे. बातमीदारांना तोवर एकदा पाठवा. सकाळी सातच्या आत आले तर बरे, त्यानंतर अध्यक्ष बागेत असतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार, जुळे सोलापूर
(नाव-पत्ता सोबत कळवला आहे, छापू नये.)