कुलूप घालून करार मोडता येतो?

संपादक महोदय,

म्हापशात माझं भाड्याचं छोटं दुकान आहे, तीन वर्षांचा करार, सब-रजिस्ट्रारकडे रीतसर रजिस्टर केलेला, अजून चौदा महिने बाकी आणि भाडं एकदाही चुकलेलं नाही. तरी चवथीच्या आठ दिवस आधी मालकाने शटरला स्वतःचं कुलूप घातलं, का तर दुसरा कोणी डबल भाडं देतोय म्हणे. आत मखराचं सामान, अगरबत्त्या, माळा, सगळा सीझनचा माल! नोटीस नाही, फोन उचलत नाही, डिपॉझिटचं तर नावच नको.

लोक म्हणाले जाऊ दे रे, मालकाशी कशाला वैर. मी पण पंधरा दिवस नुसता हातापाया पडत फिरलो, मग वकिलाने सांगितलं की 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ अॅक्टचं कलम 6 आहे, कायद्याची प्रक्रिया न करता बाहेर काढलं तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, जागा कोणाच्या मालकीची हा मुद्दा तिथे येतच नाही. हे आम्हाला आधी कोण सांगणार?

आता दावा घातलाय. चवथ गेली ती गेलीच. आणि हो, अॅग्रीमेंटची कॉपी दुकानात ठेवू नका, माझी आतच अडकली, सर्टिफाइड कॉपी काढायला परत हेलपाटे.

एक दुकानदार, म्हापसा