चौथं नाव

बॉस्टन
रविवार, रात्री

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही, ते निम्मं तू त्यांना ओरडून सांगतेस आणि तेवढ्यात माझं मुख्य बोलणं राहून जातं. शिवाय हे दोघांनी सावकाश, एकेकट्याने वाचावं असं मला वाटतं. आधी बाबांनी वाचा. मग आईकडे द्या.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या नातवाने शीळ वाजवून दाखवली. नवीनच शिकलाय, दिवसभर घर डोक्यावर घेतो. "आजोबा, आता तुम्ही," म्हणाला. बाबा, तुम्ही ओठ पुढे काढलेत, डोळे मिटलेत आणि नुसतीच हवा आली. पुन्हा केलंत, पुन्हा हवा. "कवळी बसवल्यापासून वाजत नाही रे," म्हणालात आणि पाणी प्यायला उठलात. त्याने काही मनावर घेतलं नाही. मी मात्र फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ओट्याशी उभी होते. कारण त्या हवेतलं गाणं मला ओळखू आलं होतं. सूर नव्हता, पण ठेका तोच होता.

सांगलीच्या घरात सकाळी ती शीळ ऐकली की आम्ही पांघरुणातून ओळखायचो, बाबा दाढीला बसले. खिडकीच्या गजाला टांगलेला आरसा, वाटीत फेसाचा ब्रश. रेझर गालावरून खाली यायचा तेव्हा शीळ थांबायची, रेझर पाण्यात बुडवला की तिथूनच पुढे सुरू. हनुवटीपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबायची. आम्हाला वाटायचं ही चाल बाबांनीच केली आहे. दादा तर शाळेत तसं सांगायचाही.

इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात वाण्याच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन रांगेत उभी होते आणि वर छतातल्या स्पीकरमधून एक बाई तुमची शीळ शब्दांसकट गात होती. मला धस्स झालं. आपल्या घरातली वस्तू परक्या गावात कुणाच्या तरी हातात दिसावी, तसं. पैसे घेणाऱ्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, हे तर माझ्या आईचं गाणं. कार्ली सायमन या अमेरिकन गायिकेचं 'यू आर सो व्हेन'. नोव्हेंबर १९७२ मध्ये आलेलं, जानेवारी १९७३ मध्ये अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या नंबरावर असलेलं.

मग मी तारखा जुळवल्या. १९७३ मध्ये बाबा बावीस वर्षांचे, फोर्टात बँकेत, राहायला गिरगावात दोघांत एक खोली. वांद्र्याचा एक मित्र होता, त्याच्यामुळे इंग्रजी गाण्यांचा नाद लागला हे आम्हाला माहीत होतं. शनिवारी रात्री आकाशवाणीवर 'सॅटर्डे डेट' ऐकायचात आणि काळ्या घोड्याला रिदम हाउसमध्ये रेकॉर्ड विकत न घेता ऐकून यायचात, हेही. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं तेव्हा पेपरातल्या बातमीचा फोटो काढून मला पाठवला होतात, खाली एक अक्षर न लिहिता.

आई, तुला हे गाणं कधी कुणी नीट सांगितलं नसेल म्हणून सांगते. स्वतःच्याच प्रेमात असलेला एक पुरुष आहे. जिथे जाईल तिथे एक डोळा आरशाकडे. त्याच्या जुन्या मैत्रिणीने त्याला तोंडावर सुनावलंय, तू इतका स्वतःवर खूश आहेस की हे गाणंही तुझ्यावरच आहे असं तुला वाटेल. आणि गाणं असतं त्याच्यावरच! या पेचात लोक पन्नास वर्षं अडकून पडलेत. कुणी म्हणालं रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर, कुणी म्हणालं नट वॉरन बीटी. गंमत अशी की जॅगर त्या गाण्यात गायलाय. लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत हॅरी निल्सन तिच्या मागे साथीला गात होता, तेवढ्यात जॅगर तिथे आला आणि गाऊ लागला. दोघांचे आवाज इतके जुळले की निल्सन आपणहून बाजूला झाला. जॅगरचं नाव मात्र रेकॉर्डवर नाही. तुम्ही शीळ सुरू करताना आधी "डुंडुंडुं" करायचात ना बाबा, ते सुरुवातीचं बेस गिटार क्लाउस फोरमानचं आहे. तो नुसता हात मोकळा करत होता, तेच ठेवून दिलं. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमचं मुखपृष्ठ काढणारा तोच.

वॉरन बीटीने तर तिला फोन करून गाण्याबद्दल आभार मानले, असं तिनेच सांगितलंय. २०१५ मध्ये तिने कबूल केलं की दुसरं कडवं त्याचं आहे, पण गाणं एकट्याचं नाही, तीन पुरुषांचं मिळून आहे. त्याला अजून वाटतं की सगळं आपलंच. मला हे फार आवडतं, आणि ते फक्त गर्विष्ठ माणसाचंच होतं असंही नाही. बीटल्सचं 'हे ज्यूड' मॅकार्टनीने त्याच बँडमधल्या लेननच्या पाच वर्षांच्या मुलासाठी रचलं, आईबाप वेगळे होत होते म्हणून त्या पोराला धीर द्यायला. ते ऐकून लेननला वाटलं, हा माझ्याशी बोलतोय. तेही ट्रायडेंटलाच ध्वनिमुद्रित झालं, चार वर्षं आधी.

आता घरातली गोष्ट.

आई जायफळाची कॉफी करायची आणि कपात वरून दूध ओतलं की बाबा वाकून बघायचे, "ढग आले बघ." कॉफी फिकट करून हवी असेल तर "थोडे ढग घाल." आम्हीही तसंच म्हणायचो. माझ्या सासरी मी पहिल्यांदा "ढग घालू का?" विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत राहिले होते. बाबा, हे त्या गाण्यातलं आहे. बिली मर्निट म्हणून तिचा पियानोवादक होता. विमानात तिच्या कॉफीच्या कपात बाहेरच्या ढगांचं प्रतिबिंब पडलेलं त्याने तिला दाखवलं, तेच तिने गाण्यात घातलं. म्हणजे त्या गाण्याचा एक तुकडा आपल्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं मराठीत नांदत होता आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत.

इथवर मी पूर्वीच आले होते. पण तिसरं कडवं मी नीट ऐकलं ते या ऑगस्टमध्ये. वुड्स होल बंदरातून बोटीने पाऊण तासावर मार्थाज व्हिनयार्ड बेट आहे, कार्ली सायमनचं गाव. तिथे जाताना बोटीवर पोराच्या एका कानात आणि माझ्या एका कानात, असं ते गाणं ऐकत होतो. त्या कडव्यात तो माणूस स्वतःचं जेट विमान घेऊन कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला जातो. कशाला? खग्रास सूर्यग्रहण बघायला. नोव्हा स्कोशियावरून ७ मार्च १९७० ला एक खग्रास गेलं आणि १० जुलै १९७२ ला दुसरं, त्यामुळे तिथे कोण कोण होतं याचाही लोकांनी छडा लावायचा प्रयत्न केला. मला बोटीवर नोव्हा स्कोशिया दिसेना. मला हुबळी दिसली.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. ही गोष्ट आपल्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की मी ती पाहिल्यासारखी सांगू शकते. आई सहा महिन्यांची गर्भार, पोटात मी. आजीने तिला माजघरात बसवलं, खिडकीला जाड चादर लावली, विळी-सुरी उचलून फळीवर ठेवली. दिवसभर ना कात्री, ना सुई, ना घोटभर पाणी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि एरवी दाराबाहेर पडताना चार वेळा कुलूप ओढून बघणारे बाबा आदल्या रात्री मिरजेहून मीटरगेजच्या गाडीत बसून हुबळीला गेलेले, कारण सांगलीत ग्रहण पूर्ण दिसणार नव्हतं. आजी वर्षभर तुमच्याशी धड बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आलात ते काळ्या फिल्मचा तुकडा खिशात घेऊन. तो अजून कपाटात पाकिटात आहे, लहानपणी मी त्यातून दिव्याकडे बघायची.

आम्हाला नेहमी सांगितलं गेलं की बाबांना विज्ञानाची आवड. बाबा, आवड खरीच होती. पण गाण्यातल्या माणसाने केलं तेच करायचं होतं का तुम्हाला? बावीस वर्षांचा मुलगा रिदम हाउसमध्ये उभा राहून ते कडवं ऐकतो आणि सात वर्षांनी ग्रहण दारापाशी येतं, तेव्हा तो गाडीत बसतो. असं झालं असेल तर मला त्याचा राग येत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी माणसाला वाटणारच, आपल्याही आयुष्यात एखादं कडवं असावं.

पण आई, ते गाणं मागे राहिलेली बाई गाते. आपल्या घरात मात्र ते चाळीस वर्षं गाडीत बसून गेलेला माणूस वाजवत होता, आणि त्याचे शब्द माजघरात बसलेल्या बाईला ठाऊक नव्हते. बोटीवर हे लक्षात आलं आणि मला रडू आलं. पोराने विचारलं काय झालं, तर वारा लागला म्हणाले.

माझ्या बाळंतपणाला तू आली होतीस तेव्हा डिंकाचे लाडू वळता वळता एकदा म्हणालीस, "त्या शिळेत कुणीतरी आहे. मुंबईची असेल." इतक्या साध्या आवाजात, जणू तुपाचं माप सांगावं. मी विचारलं, कधी विचारलं नाहीस? तर म्हणालीस, "विचारून काय करायचं? तेव्हा ते छान दिसायचे." मला ते वाक्य तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, तू दाराआडून त्या आरशातलाच चेहरा बघत होतीस.

तुलाही विचारायचं आहे. तू दुपारी एकटी असलीस की 'शुक्रतारा मंद वारा' गुणगुणायचीस आणि कुणी आत आलं की पाटावरचं निवडणं पुढे ओढायचीस. लग्नाआधी भावे नाट्यमंदिरात अरुण दात्यांना ऐकलंस एवढंच तू सांगितलं आहेस. कुणाबरोबर गेली होतीस, ते नाही. रेडिओवर भावगीत लागलं की निवेदिका तीन नावं सांगायची. गीत मंगेश पाडगावकरांचं, संगीत श्रीनिवास खळ्यांचं, स्वर अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. आम्हाला ती पाठ होती, पाढ्यांसारखी. चौथं नाव, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात ते गाणं ज्याचं असतं त्याचं, कधी कुणी सांगितलं नाही आणि आपल्यात विचारायची रीतही नाही. इतकी वर्षं मला ही रीत सभ्य वाटायची. आता बाबांची शीळ गेली आणि मला भीती वाटते. आम्ही नुसते अंदाज बांधत बसू, आणि ज्यांना माहीत आहे ती दोन माणसं एकाच घरात समोरासमोर कॉफी पीत असतील.

म्हणून विचारते. बाबा, त्या शिळेत कोण आहे? मुंबईची कुणी, वांद्र्याचा मित्र की आरशातले तुम्ही? आई, नाट्यमंदिरात शेजारच्या खुर्चीवर कोण होतं? मला सांगायचं नसेल तर एकमेकांना सांगा, तेही चालेल. मला उलट ते जास्त आवडेल.

आणि लगेच सगळं सांगायचा संकोच वाटत असेल तर कार्ली सायमननेच एक वाट काढून ठेवली आहे. २००३ मध्ये त्याच बेटावर एका मदतनिधीच्या लिलावात तिने ते नाव विकायला काढलं होतं. एनबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीच्या क्रीडा विभागाचा तेव्हाचा प्रमुख डिक एबरसोल याने ५० हजार डॉलर मोजले, म्हणजे तेव्हाचे वीस लाखांच्या वर रुपये. तिने त्याला नाव सांगितलं आणि गुपित राखायचं वचन घेतलं. बाहेर सांगायला त्याला एकच अक्षर दिलं, 'ई'. पुढे तिने स्वतः आणखी दोन दिली, 'ए' आणि 'आर'.

दादाचा मुलगा बुधवारी येईल तेव्हा त्याच्याकडून हे गाणं फोनवर लावून घ्या. आईला तिसरं कडवं बाबांनी मराठीत सांगायचं, कानातलं यंत्र लावून, घाई न करता. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर त्यालाच आणायला सांगा. आणि रविवारी मी फोन करेन तेव्हा दोघांनी मला एकेक अक्षर सांगा.

तुमची,
लेक