पाच लाखांच्या कार्डात बीपीची गोळी बसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेले आणि १ जुलै २०२४ पासून पिवळ्या-केशरी कार्डाची अट जाऊन योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली. आता निवडणूक आली की हा आकडा आणखी फुगवण्याची चढाओढ लागते. आकडा कितीही करा, योजनेची घडणच अशी आहे की गरिबाचा रोजचा खर्च तिच्यात येतच नाही. मागणी करायचीच असेल तर ती एका तिजोरीची करावी: आरोग्याचा सगळा सार्वजनिक पैसा एका ठिकाणी, दरपत्रक एक, आणि लाभ प्रत्येकाला.

सध्याची योजना ठरावीक उपचारांच्या पॅकेजची आहे. २०२३च्या शासन निर्णयात १३५६ उपचार होते. पेशंट भरती व्हायला हवा. रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, रेशनकार्ड आणि आधार तपासतो, नावात एक काना इकडचा तिकडे असला की तिथेच अडतो. मग रुग्णालय रिपोर्ट ऑनलाइन चढवते, पूर्वमंजुरी येते, उपचार होतात, आणि डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे पॅकेजमध्ये धरलेली असतात. अकराव्या दिवसापासून आपला खिसा.

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातला एखादा सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावरचा शेतमजूर, घ्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) करार झालेला, बीपी आणि शुगर दोन्ही. त्याला लागते काय? रोज शुगरची मेटफॉर्मिन आणि बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर), वर्षातून एकदा मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतले अल्ब्युमिन, आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी. यातल्या एकाही गोष्टीला भरती लागत नाही, म्हणून एकही योजनेत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) गोळ्या फुकट आहेत, हे खरे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. पण साठा संपला की बाहेरची चिठ्ठी मिळते, आणि ओपीडीची वेळ नेमकी कामाच्या वेळेवर. खाडा केला तर मजुरी बुडते, म्हणून गोळी बुडते. काही वर्षांनी पायाला सूज येते, क्रिएटिनिन वाढलेले निघते आणि आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास डायलिसिस सुरू होते. ते मात्र योजनेत बसते! मूत्रपिंड वाचवणाऱ्या गोळीला पैसे नाहीत, ते गेल्यावरच्या यंत्राला आहेत. विमा कंपनीच्या हिशेबात हे चूक नाही, कारण तिचा करार वर्षाचा असतो. दहा वर्षांनंतरचे डायलिसिस वाचवून तिला काय मिळणार? आजची गोळी आणि उद्याचे डायलिसिस ज्याला एकाच पिशवीतून भरायचे आहे, तोच गोळी वेळेवर पोहोचवायची धडपड करील.

आपल्याकडे पिशव्या किती आहेत ते भुसावळच्या एका गल्लीत कळते. रेल्वेवाल्याला रेल्वेचे हॉस्पिटल. आयुध निर्माणीवाल्याची सोय निराळी. जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्यातला कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विम्यात: तो पगाराचा ०.७५ टक्के भरतो, मालक ३.२५ टक्के, आणि पगार २१ हजारांच्या वर गेला की चालू अंशदानाचा (वर्गणीचा) काळ संपल्यावर तो बाहेर. पोलिसांची योजना वेगळी, राज्य कर्मचाऱ्याची बिले मागाहून मंजूर होणारी, दुकानदाराचा खासगी मेडिक्लेम. अपेंडिक्स तेच, सर्जन तोच, दर मात्र प्रत्येकाचा वेगळा. साहजिकच रोखवाल्याला आधी बेड मिळतो आणि कार्डवाल्याला ‘कोटा संपला’ हे उत्तर.

तुकड्यांच्या योजनांत हद्दीही अशाच आखल्या जातात. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना जनआरोग्य योजनेत घेतले तेव्हा ती आत्महत्याग्रस्त ठरवलेल्या १४ जिल्ह्यांपुरती होती. मलकापूरचा कापूसवाला शेतकरी बुलढाणा जिल्ह्यातला म्हणून आत, त्याच काळ्या मातीतला मुक्ताईनगरचा शेतकरी जळगाव जिल्ह्यातला म्हणून बाहेर. ती भिंत आता पडली, पण दुसऱ्या उभ्या आहेतच. नवापूरहून सुरत जवळ पडते. तिथे कार्ड चालते ते केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबाचे, नुसत्या राज्य योजनेतल्याचे नाही.

एक तिजोरी म्हटले की सगळे दवाखाने सरकारजमा होणार, अशी भीती डॉक्टर मंडळी घालतात. ब्रिटनने १९४८ मध्ये रुग्णालये सरकारच्या ताब्यात घेतली, हे खरे. कॅनडात मात्र डॉक्टर आजही खासगीच आहेत, फक्त बिल सरकार भरते. आपल्याला जास्त जवळचे उदाहरण तैवानचे. कामगार, सरकारी नोकर आणि शेतकरी यांच्या वेगवेगळ्या विमा योजना त्यांनी १ मार्च १९९५ रोजी एकत्र केल्या. बहुतेक रुग्णालये खासगीच राहिली, पैसे देणारा मात्र एक. त्यातही अडचणी आल्या. बिलागणिक पैसे मिळतात म्हटल्यावर बिले वाढली, म्हणून एकूण खर्चाला वार्षिक मर्यादा घातली. तिथे प्रत्येक उपचाराला पॉइंट असतात; आता बिले फार झाली की प्रत्येक पॉइंटची किंमत घसरते, आणि डॉक्टर पेशंटला दोन-तीन मिनिटांत उठवतो ही तक्रार तिथेही आहे. कॅनडाची चूक आपल्या जास्त कामाची. त्यांनी डॉक्टर आणि हॉस्पिटल मोफत केले, घरी घ्यायच्या गोळ्या वगळल्या. ती भोके बुजवायला २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, आणि सुरुवात झाली ती मधुमेहाची औषधे व गर्भनिरोधकांपासून. आपण ओपीडी आणि गोळ्या पहिल्या दिवसापासून आत घ्याव्यात, भले मोठ्या शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने वाढवाव्या लागल्या तरी.

ओपीडीचे पैसे बिलावर देऊ नयेत, माणशी द्यावेत. थायलंडने २००२ मध्ये हेच केले: गावे जवळच्या रुग्णालयाशी जोडली आणि नोंदलेल्या माणसामागे वर्षाची ठरलेली रक्कम दिली. आपल्याकडे पीएचसीबरोबर गावातल्या खासगी डॉक्टरलाही नोंदणी घेऊ द्यावी. गावात बहुधा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेला, डॉक्टर असतो. त्याला वगळून योजना कागदावरच राहील. ठरावीक औषधांची यादी आणि उपचारपद्धती घालून त्याला आत घ्यावे, आणि त्याचे प्रिस्क्रिप्शन तपासावे. माणशी पैशाचा धोका उलटा असतो: डॉक्टर नावे नोंदवतो आणि पेशंटला टाळतो. त्यावर उपाय म्हणजे रकमेचा काही भाग कामाशी बांधणे. बीपीच्या नोंदलेल्या पेशंटपैकी किती जणांचा बीपी १४०/९०च्या खाली आला, एवढे एक मोजमाप सुरुवातीला पुरे.

औषध खरेदीचे गणित तामिळनाडूने १९९४ मध्ये महामंडळ काढून सोडवले. जेनेरिक नावाने एकत्र निविदा, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, किती रकमेची औषधे उचलता येतील याचे प्रत्येक दवाखान्याला पासबुक, आणि नमुना प्रयोगशाळेत पास झाल्याशिवाय माल बाहेर नाही. महाराष्ट्राचे औषध खरेदी प्राधिकरण २०२३च्या कायद्याने आले. धुळे-जळगावच्या पीएचसीत गोळ्या कधी संपतात ते त्याला संगणकावर आधी दिसायला हवे, नुसत्या निविदा काढून भागणार नाही.

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याला माणशी दर तोच ठेवला तर मात्र अन्याय होईल. वस्त्या विखुरलेल्या, नर्मदाकाठी बोटीने जावे लागते, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध वर्षानुवर्षे, रक्ततपासणी करत करत द्यावे लागते. तिथला दर अंतर आणि आजार पाहून वाढवावा. तैवानने डोंगराळ भाग आणि बेटांसाठी १९९९ पासून असा वेगळा पैसा ठेवला आहे, त्यातून मोठी रुग्णालये आळीपाळीने तज्ज्ञ पाठवतात. नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. अशी पाळी लावायला अडचण कसली? ती दुसऱ्या, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याची आहेत, एवढीच.

पैसा कुठून, हा प्रश्न येणारच. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ मध्ये देशात आरोग्यावर माणशी सुमारे ६६०० रुपये खर्च झाले आणि त्यातले ३९.४ टक्के लोकांनी खिशातून भरले. म्हणजे माणशी २६०० रुपये, पाच जणांच्या घराचे १३ हजार. लोक पैसे देतच आहेत, फक्त आजारी पडल्यावर, सावकाराच्या व्याजाने. २०१७च्या राष्ट्रीय धोरणाने राज्यांना अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करायला सांगितले होते. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. ईएसआय आणि रेल्वे केंद्राकडे असल्याने त्यांना राज्य हात लावू शकत नाही. पण जनआरोग्य योजना, पोलीस योजना, कर्मचाऱ्यांची बिले आणि औषध खरेदी हे सगळे राज्याच्याच हातात आहे. पहिली तिजोरी यातून बनते.

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. आपत्कालीन उपचारांचे पैसे कोण आणि कधी देणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. म्हणून महाराष्ट्राच्या कायद्यात दर नियमांवर न सोडता ते दरवर्षी ठरवणारी समिती कायद्यातच असावी, तिच्यात डॉक्टरही असावेत, आणि दावा ३० दिवसांत चुकता झाला नाही तर व्याज आपोआप जमा व्हावे.

आपला,
एक वाचक, भुसावळ