मत देण्याआधी पुस्तक वाचायचं

साहित्य अकादमी २०१० पासून मराठीसह २४ भाषांत बालसाहित्य पुरस्कार देते. निवड मात्र मोठ्यांचे परीक्षक मंडळ करते. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले, त्यांना कोणी विचारत नाही, याची मला फार खंत वाटते.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात १९५२ पासून चालत आलेल्या विल्यम अ‍ॅलन व्हाइट पुरस्काराचा निकाल शाळकरी मुलांच्या मतांनी लागतो. फ्रान्समध्ये १९८८ साली सुरू झालेला ‘प्री दे अँकोरुप्तिब्ल’ मला जास्त आवडतो. नावाचा अर्थच ‘भ्रष्ट न होणाऱ्यांचा पुरस्कार’! आपल्या गटासाठी निवडलेली सगळी पुस्तके वाचायची, स्वतःचे मत बनवायचे आणि मगच मतदान करायचे, असे मुले कबूल करतात. बालवाडीतली पोरेसुद्धा यात असतात. त्यांना अर्थात कोणीतरी वाचून दाखवते.

मुले चटपटीत तेवढेच निवडतील, ही शंका मला पटत नाही. प्राथमिक यादी जाणकारांनीच करावी, शेवटचा कौल मुलांचा असावा. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्यातल्या शाळांनी पाच मराठी पुस्तकांपासून सुरुवात करावी. त्यासाठी प्रत्येक पुस्तकाच्या पुरेशा प्रती वर्गात हव्यात, कुलूपबंद कपाटात नव्हे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा