टीव्हीतल्या ‘क्वांटम डॉट’चा रंग

मा. संपादक,

सणासुदीला लॅमिंग्टन रोडवर ‘क्वांटम डॉट’ टीव्ही विकताना ‘यातले कण (म्हणजे क्वांटम डॉट, काही नॅनोमीटरचे स्फटिक) स्वतःच उजळतात’ असे सांगितले जाते. ते खरे नाही. बहुतेक संचांत मागे निळे एलईडी असतात. कणांची फिल्म त्यांचा काही प्रकाश शोषून हिरवा आणि लाल बाहेर टाकते.

खरी गंमत पुढे आहे. हिरव्या-लाल कणांचे रसायन एकच असू शकते. असे कण ज्या कॅडमियम सेलेनाइडचे करतात, त्याच्या मोठ्या स्फटिकाची ऊर्जादरी (इलेक्ट्रॉनला ओलांडावे लागणारे ऊर्जेचे अंतर) १.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कण लहान केला की इलेक्ट्रॉन कोंडला जातो आणि दरी रुंदावते. दरी जितकी रुंद, तितका प्रकाश निळ्याकडे झुकतो: सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळसर, ६ नॅनोमीटरचा लाल. या शोधाला २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

महाविद्यालयांत या कणांच्या द्रावणाच्या प्रकाशाचा रंग मोजण्याचा प्रयोग फसतो तो बहुधा दाट द्रावणामुळे. कणांनी सोडलेला प्रकाश शेजारचेच कण गिळतात, वर्णपटाचे शिखर (सर्वांत तेजस्वी रंग) लाल बाजूला सरकते आणि दोष बिचाऱ्या यंत्राला! कणांना उजळवण्यासाठी टाकलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीवर द्रावणाचा शोषणांक (प्रकाश किती शोषला जातो त्याचे माप) ०.१ खाली येईपर्यंत ते विरळ करावे. कण अल्कोहोलने वारंवार धुतले तर पृष्ठभागावरचे सेंद्रिय रेणू निघून जातात. कण गोळा होतात, चमक मरते. झिंक सल्फाइडचे कवच असेल तर ते जास्त तग धरतात.

आणि हो, कॅडमियमचे उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. वेगळ्या, लेबल लावलेल्या बाटलीत साठवावे.

– एक वाचक, दादर