पाण्याच्या मागावरची वाट

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तुमच्या ऑस्ट्रेलियातल्या सफरीचा आराखडा मी काल रात्री नकाशा शेजारी उघडून ठेवून वाचला. पहिल्या दिवशी ॲडलेडहून मारी, दुसऱ्या दिवशी ऊडनाडाटा, तिसऱ्या दिवशी मार्लाला डांबरी रस्ता गाठून थेट ॲलिस स्प्रिंग्ज, आणि मग स्टुअर्ट हायवेने परत. सहा दिवस. आकडेमोड बरोबर आहे, गाडी तेवढं अंतर कापेलही. पण ज्यासाठी ही वाट निवडायची ते जवळजवळ सगळं तू दुसऱ्या दिवसात कोंबलं आहेस, आणि त्याच दिवशी तुला चारशे किलोमीटर कच्च्या रस्त्यावर गाडी चालवायची आहे. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. निवांत वाच.

वर्गात मुलांपुढे नकाशा ठेवला की मी पहिला प्रश्न विचारायची, हा रस्ता सरळ का गेला नाही? तोच तुला विचारते. मारी ते मार्ला हा सव्वासहाशे किलोमीटरचा ऊडनाडाटा ट्रॅक सरळ उत्तरेला न जाता पश्चिमेकडून वळसा का घेतो? उत्तर जमिनीखाली आहे. ऑस्ट्रेलियाच्या साधारण एक पंचमांश भूभागाखाली, सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरवर, पाणी धरून ठेवणारे खडकांचे थर पसरलेले आहेत. त्याला ग्रेट आर्टेशियन बेसिन म्हणतात. पूर्वेकडच्या डोंगरांवर पडलेलं पावसाचं पाणी वालुकाश्मात मुरतं आणि अतिशय मंद गतीने पश्चिमेकडे सरकत राहतं. वाटेतलं काही पाणी दहा लाख वर्षांहून जुनं मानतात. खोऱ्याच्या नैऋत्य काठावर वरचा थर पातळ होतो, भेगा असतात, आणि दाबाखालचं पाणी तिथून वर येतं. अशा झऱ्यांची कमान मारीपासून उत्तरेकडे गेली आहे. रस्ता त्या कमानीवरून जातो.

आधी ही वाट इथल्या अरबाना आदिवासींची आणि त्यांच्या शेजारच्या लोकांची. झऱ्यावरून झऱ्यावर जात ते गेरूची देवाणघेवाण करत. १८५९ मध्ये शोधक जॉन मॅक्‌डुअल स्टुअर्ट याच झऱ्यांच्या आधाराने उत्तरेला सरकला आणि पुढे १८६२ मध्ये खंड ओलांडून उत्तर किनाऱ्याला पोचला. दहा वर्षांनी, १८७२ मध्ये, पोर्ट ऑगस्टा ते डार्विन अशी तारयंत्राची लाइन पुरी झाली, ती बऱ्याच अंशी त्याच्याच मार्गाने. मग रेल्वे आली. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी हवंच, तेव्हा तीही झऱ्यांना धरूनच गेली. माणसांची वाट, शोधकाची वाट, तार, रूळ आणि आताचा रस्ता, सगळे एकाच पाण्यामागून गेले आहेत. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तुझा आराखडा किलोमीटरवर न बेतता पाण्यावर बेत. मुक्काम कुठे, थांबायचं कुठे, हे सगळं त्यातूनच ठरेल.

मागच्या वेळी तू आम्हा दोघांना कॉवर्ड स्प्रिंग्जपर्यंत नेलंस, तेव्हा बबलर नावाच्या झऱ्यापाशी आपण जेमतेम वीस मिनिटं होतो. तुझ्या बाबांना उन्हाचा त्रास होत होता म्हणून निघालो, ते योग्यच झालं. पण या खेपेला तिथे सकाळचे दोन तास ठेव. लाकडी फळ्यांच्या वाटेवर उभं राहून पाण्याकडे नीट बघ. तळाची वाळू आधी स्थिर असते. मग मधूनच एक फुगवटा येतो, गोल गोल वाढतो, वरचं पाणी किंचित ढवळतं आणि वाळू कडांनी परत खाली बसते. काही क्षण काहीच नाही, मग पुन्हा. जवळच ब्लँच कप आहे, तो अगदी शांत, काठाला लव्हाळी. दोन्ही झरे ज्या टेकाडांवर आहेत ती टेकाडं झऱ्यांनीच बांधलेली. पाण्यातला चुना साचत गेला, वाऱ्याने आणलेली वाळू त्यात अडकत गेली. तिथूनच हॅमिल्टन हिल दिसते, या दोघांपेक्षा कितीतरी मोठी आणि पूर्ण कोरडी. तोही कधीकाळी झराच होता. या तीन गोष्टी एका नजरेत दिसतात अशी जागा मला दुसरी ठाऊक नाही, आणि तुझ्याबरोबरच्या मैत्रिणींना ती घाईत दाखवू नकोस. पाण्यात मात्र कुणी हात घालू नका. या झऱ्यांत असे बारीक शंखजीव आहेत जे जगात इतरत्र सापडत नाहीत. डुंबायचंच असेल तर कॉवर्ड स्प्रिंग्जला बोअरच्या कोमट पाण्याचा हौद आहे. ती बोअर १८८६ मधली, रेल्वेसाठी घेतलेली. मुक्काम तिथेच करा.

मारीपर्यंतचा जवळजवळ सातशे किलोमीटरचा दिवसही मला पटला नाही. क्वॉर्न आणि हॉकरच्या मध्ये कन्याका नावाच्या मेंढपाळीच्या वाडीचे दगडी अवशेष आहेत, आणि मारीच्या अलीकडे फरीना हे उजाड गाव. ही दोन ठिकाणं बघण्याआधी जॉर्ज गॉयडरची रेषा समजून घे. सर्व्हेअर जनरल असलेल्या या माणसाने १८६५ च्या दुष्काळात घोड्यावरून फिरत, झाडोरा बघत, नकाशावर एक रेषा आखली. तिच्या दक्षिणेला शेती होईल, उत्तरेला पावसाचा भरवसा नाही. पुढे काही वर्षं पाऊस चांगला झाला आणि लोकांनी रेषा झुगारून उत्तरेला गहू पेरायला घेतला. १८७८ मध्ये फरीनाचे रस्ते आणि भूखंड आखले गेले. नंतर दुष्काळ परतला आणि शेती मोडली. रेल्वेच्या आधाराने गाव काही काळ तगलं, मग तेही संपलं. शेती कुठे संपते आणि वाळवंट कुठे सुरू होतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि छत उडालेल्या घरांमधून चालणं वेगळं. पहिला मुक्काम हॉकरच्या आसपास कर आणि फरीनाला दुसऱ्या दिवशी भर उजेडात पोच.

मारीला तुला आपल्याकडची माणसं भेटतील, म्हणजे त्यांच्या खुणा. १८६० च्या दशकापासून कराचीच्या बंदरातून उंट आणि उंटवाले इथे आणले गेले. सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणायचे, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी, राजस्थानीही होते. तारेसाठी लागणारं सामान, रेल्वेचं सामान, दूरच्या वाड्यांचा किराणा आणि लोकर, सगळं त्यांनी वाहिलं. गावात रुळाच्या एका अंगाला गोरे आणि दुसऱ्या अंगाला उंटवाले आणि आदिवासी राहत. त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती तिथे आहे. पाचच मिनिटांची जागा आहे, पण या देशाच्या इतिहासात त्यांचा वाटा किती मोठा आणि त्यांना वागवलं कसं, हे तिथे उभं राहून मनात येतंच. ट्रक आल्यावर त्यांचं काम गेलं आणि उंट मोकळे सोडले गेले. रानात दिसतात ते त्यांचेच वंशज.

मारी सोडल्यावर डिंगोंना अडवणारं कुंपण ओलांडशील, ते पाच हजार किलोमीटरहून लांब आहे. मग कर्डिमर्काचं ओसाड स्टेशन आणि पाण्याची टाकी. कॉवर्ड स्प्रिंग्जच्या पुढे स्ट्रँगवेज स्प्रिंग्जला तारघराचे अवशेष आहेत, तिथे जरूर उतर. तारेतला संदेश अंतराने क्षीण होतो, म्हणून ठरावीक टप्प्यांवर माणसं बसवलेली. आलेला संदेश ऐकायचा, लिहायचा आणि पुढे ठोकायचा. डार्विनहून तो समुद्राखालून जावा, तिथून सिंगापूर, मद्रास, मुंबई करत लंडनला जाई. जहाजाने ज्याला महिने लागत, ते काही तासांवर आलं. निर्जन झऱ्याकाठच्या त्या दगडी खोलीत बसलेल्या माणसाच्या बोटांखालून ॲडलेडची बातमी मुंबईकडे जात होती, हा विचार मला फार आवडतो.

विल्यम क्रीकनंतर 'पीक' नावाच्या जुन्या तारघराच्या अवशेषांकडे जाणारा फाटा खराब आहे. गाडी चारही चाकांना जोर देणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) नसेल तर तो सोड. अल्जबकिनाचा पूल सोडू नकोस. नील्स नदीवरचा हा लोखंडी पूल ५७८ मीटर लांब आहे. कोरड्या पात्राकडे बघून एवढा पूल कशाला, असं वाटेल. याच मार्गावरची जुनी रेल्वे, तिला घान म्हणत, वर्षानुवर्षं पुरात अडकायची, रूळ वाहून जायचे. पाण्यासाठी या मार्गाने आलेल्या रेल्वेला शेवटी पाण्याचाच जाच झाला आणि १९८० मध्ये नवी लाइन बरीच पश्चिमेला सरकवली.

आता ज्यात मी हट्ट धरणार आहे ते. या रस्त्याचा खरा धोका पाऊस आहे. थोड्याशा सरीनेही चिकण माती चाकाला धरते आणि सरकार रस्ता बंद करतं. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो आणि मागून येणाऱ्यांसाठी रस्ताही खराब होतो. निघायच्या आदल्या दिवशी आणि रोज सकाळी रस्त्यांची सरकारी माहिती बघ, आणि वाटेतल्या थांब्यांना फोन करून पेट्रोल आहे ना ते विचार. मारी ते विल्यम क्रीक दोनशे किलोमीटर, तिथून ऊडनाडाटा दोनशे, पुढे मार्ला आणखी दोनशे. प्रत्येक ठिकाणी टाकी भरायची, अर्धी उरली असली तरी. एक दिवस जास्तीचा ठेव. तो नसला की माणूस बंद पाटी बघूनही पुढे जायचा विचार करतो.

टायरसाठी अणकुचीदार दगडांचं पठार सगळ्यात वाईट. दोन स्टेपनी घे, हवा थोडी कमी ठेव, आणि वेग त्याहून कमी. दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोच. कांगारू आणि गुरं रस्त्यावर येतात ती नेमकी तेव्हाच. भाड्याच्या गाडीचा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाच, कारण कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही अशी अट पुष्कळदा त्यात असते. पाणी माणशी दिवसाला दहा लिटर, आणि जास्तीच्या दिवसाचंही.

गाडी अडकली तर गाडी सोडायची नाही. १९९८ च्या डिसेंबरात लेक एअर या मिठाच्या तळ्याकाठी दोन परदेशी पर्यटकांची गाडी वाळूत रुतली. दोघं मदतीसाठी पायी निघाले. एक जण गाडीपाशी परतला आणि वाचला. दुसरी चालत राहिली आणि वाटेतच उन्हाने गेली. गाडी सावली देते, तिच्यात पाणी असतं, आणि वरून शोधणाऱ्याला ती दिसते. हे सगळ्या मैत्रिणींना निघण्याआधी एकत्र बसवून सांग, गाडी अडकल्यावर नाही.

लेक एअर, म्हणजे अरबानांचं काटी थांडा, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली आहे. मिठाचा तो पांढरा पसारा बघून चालत आत जावंसं वाटेल. अरबाना लोक तळ्याच्या पात्रात पाऊल ठेवू नका अशी विनंती करतात. ती पाळ. ट्रॅकवरूनच दक्षिणेकडचं तळं छान दिसतं. पैसे असतील तर विल्यम क्रीकहून विमानाची फेरी घ्या.

आणि ॲलिस स्प्रिंग्ज या खेपेला वगळ. मार्लाहून ते आणखी साडेचारशे किलोमीटर आहे, आणि तितकंच परत. तो वाचलेला वेळ झऱ्यांना दे. मार्लाहून दक्षिणेला वळून कूबर पीडीला एक मुक्काम कर. १९१५ मध्ये तिथे ओपल हे रत्न सापडलं आणि उन्हापासून वाचायला लोक जमिनीखाली घरं कोरून राहू लागले, ती घरं बघायला मिळतील. मग डांबरी रस्त्याने घरी.

उपग्रहाशी जोडणारं संकटसूचक बीकन विकत घेशील तेव्हा त्याची सरकारकडे नोंदणी कर, ती फुकट असते. संपर्क म्हणून आमचा नंबर देऊ नकोस. आम्ही इथे भारतात तुझ्याहून चार तास मागे आहोत, आणि गाडीचा नंबर, मार्ग, मुक्काम हे पटकन सांगू शकेल असं कुणी तिथेच हवं. शेजारच्या घरातल्या बाईंना विचार, त्या नाही म्हणणार नाहीत. रोजचे मुक्काम कागदावर लिहून त्यांच्याकडे दे, एक प्रत आम्हाला पाठव. नवा आराखडा रविवारपर्यंत पाठवलास तर सोमवारी फोनवर बोलू.

तुझी,
आई