छाटलेल्या फांद्या टाकण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बागकामाच्या आपल्या सदरात छाटणी कधी करावी, फांदी कुठून कापावी हे नेमाने येतं. कापून पडलेल्या ढिगाचं पुढे काय करायचं, याबद्दल मात्र फार तर ‘खत करा’ एवढंच असतं. प्रत्यक्षात तो ढीग पुष्कळदा जाळला जातो, नाहीतर कचऱ्याच्या गाडीत जातो. त्याच फांद्यांच्या सालीत आणि पानांत सूत, लोकर, कापड रंगवण्याजोगा रंग असतो. तो काढून घेतल्यावरही चोथ्याचं खत होतंच, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बाभूळ, जांभूळ, पेरू यांच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. त्यातून तपकिरी आणि खाकी छटा मिळतात. आंब्याची पानं तुरटीच्या जोडीने पिवळा रंग देतात, फणसाच्या आतल्या लाकडातून सोनेरी पिवळा उतरतो. निलगिरीच्या काही जातींची पानं तर लोकरीवर तुरटीशिवायही नारिंगी रंग चढवतात. १८५६ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किन यांना अॅनिलिन या रसायनापासून जांभळा रंग सापडला आणि कारखान्यातल्या रंगांचं युग सुरू झालं. त्याआधी कापडाला रंग मिळायचा तो मुख्यतः झाडं, किडे आणि माती यांच्याकडूनच.

साल फांदी ओली असतानाच सोलावी. तेव्हा ती लांब पट्ट्यांनी सुटते. वाळली की लाकडाला घट्ट धरून बसते. बारीक तुकडे रात्रभर पाण्यात भिजवावेत आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर तासभर ठेवावेत. खळखळून उकळलं तर रंग मळकट होतो. साल कोरड्या सुताच्या वजनाइतकी तरी हवी, दुप्पट असेल तर उत्तम. भांडं स्टीलचं घ्यावं आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

रंग टिकतो तो तुरटीमुळे. लोकरीला कोरड्या वजनाच्या सुमारे १५ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला १५ ग्रॅम तुरटी पुरते. सुती धाग्याचं तसं नाही. नुसती तुरटी तो नीट धरत नाही. आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून त्याचा तेलकटपणा काढावा, मग टॅनिनच्या पाण्यात मुरवावा आणि त्यानंतर तुरटी द्यावी. सुती कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात गेला अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा बहुधा यातलीच एखादी पायरी गाळलेली असते. लोकर मात्र गरम पाण्यातून एकदम गारात घालू नये, ती आक्रसून तिचा नमदा होतो.

सगळ्यात पाहण्यासारखं आहे ते हिराकसचं, म्हणजे लोखंडाच्या एका क्षाराचं काम. बाभळीच्या सालीत रंगवलेली तपकिरी लडी हिराकसच्या अगदी पातळ पाण्यात बुडवली की डोळ्यांदेखत करडी होत जाते, कधी जवळजवळ काळी. १०० ग्रॅम लोकरीला १-२ ग्रॅम पुरे. जास्त झालं तर धागा खरखरीत आणि कमजोर होतो.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ या समजुतीला मात्र माझा ठाम विरोध आहे. कण्हेर सर्वांगाने विषारी असते. तिच्या फांद्या उकळूही नयेत आणि जाळूही नयेत. झाड ओळखता येत नसेल तर ते भांड्यात घालूच नये. जुन्या कृतींत मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि क्रोम या धातूची संयुगंही सांगितलेली असतात. ती पाण्यातल्या जिवांना घातक आहेत, घरी वापरू नयेत. तुरटी आणि हिराकस यांवर घरचं सगळं काम भागतं. तीही मोजूनच घ्यावीत आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.

आपल्याला एक विनंती आहे. छाटणीच्या हंगामात या विषयावर लेख छापावा आणि त्यात रंगीत लड्यांच्या देखण्या फोटोंवर थांबू नये. झाडाचं नाव, साल घेतली की पानं, सुताचं आणि तुरटीचं वजन हे सोबत द्यावं. आणखी एक फोटो हवा: रंगवलेल्या सुताची अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकून काही आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवल्यावर दोन्ही बाजू कशा दिसतात त्याचा. कोणत्या झाडाचा रंग उन्हाला टिकतो, हे वाचकाला त्यावरून स्वतःच ठरवता येईल.

आपली नम्र,
एक वाचक